भातलावणीचा परवाना

चामटोलीच्या कमळाकरशेटला दुपारी डोळा लागला की त्याच्या हॉलमध्ये पाणी भरायचं.

खरंखुरं नाही हो! बंगला पक्का, दोन मजली. खाली काळं ग्रॅनाइट, वर पीओपीची फुलं, मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा. गळायला, झिरपायला कुठे जागाच नाही. पण जेवून त्या झोपाळ्यावर अंग टाकलं, एसीची हवा तळव्यांना लागली, की काळ्या फरशीवर हळूहळू पाणी चढायला लागायचं. आधी सोफ्याचे पाय बुडायचे, मग टीपॉय. गढूळ पाणी, वरून उन्हानं कोमट, खाली गार. कमळाकर झोपाळ्यावरून पाय खाली सोडायचा आणि ते थेट घोट्यापर्यंत चिखलात जायचे. चिखल बोटांच्या फटींतून वर यायचा. त्या घटकेला त्याला जे काय बरं वाटायचं ते सांगायची सोय नाही. मग कुकरची शिट्टी तरी व्हायची नाहीतर फ्रीज घुरघुरायचा, आणि तो जागा होऊन आपल्या कोरड्या पायांकडे बघत बसायचा.

शेट हे त्याच्या बापजाद्यांचं नाव नव्हे. जमीन होती तोवर तो कमल्या होता. जमीन गेली, तिथं टॉवर उभे राहिले, आणि कमल्याचा कमळाकरशेट झाला. गळ्यात साखळी आली, दारात मोठी गाडी आली, घरचे सगळे एकदा दुबई बघून आले. ज्या खाचरात सगळ्यात चांगला भात व्हायचा तिथं आता त्या कॉम्प्लेक्सचं पार्किंग आहे. संध्याकाळी कमळाकर फिरायला म्हणून निघायचा तो हटकून तिथं जाऊन उभा राहायचा. वॉचमन सलाम ठोकायचा. शेटना गाड्या बघायचा शौक आहे, असं त्याला वाटायचं बिचाऱ्याला.

एकदा त्याची सून जिज्ञासा सोफ्यावर मोबाइल बघत बसली होती. बदलापूरची मुलगी, बँकेत कामाला, बोलायला चटपटीत. कमळाकरनं सहज मान वळवली आणि तो तिथंच थबकला. मोबाइलमध्ये पाण्यानं भरलेली भाताची खाचरं होती. एकाला एक लागून, क्षितिजापर्यंत. आणि मागं पांढरे डोंगर.

"ह्ये कुठलं गो?"

"इटली, बाबा."

"इटलीत भात?"

"मग! तिकडे पण खातात. आणि शेतावर आपल्याकडची माणसं कामाला जातात, पंजाबची वगैरे. मोसमी परवाना असतो म्हणे. मोसमापुरतं जायचं, काम करायचं, घरी यायचं."

त्या दुपारी हॉलमध्ये पाणी भरलं तेव्हा टीव्हीच्या जागी पांढरा डोंगर होता.

आठवडाभर त्यानं कळ काढली. मग एके सकाळी गाडी काढून उल्हासनगरला गेला. तिथं जीन्सच्या होलसेल दुकानांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर, परदेशी नोकरीचं मार्गदर्शन करणारं ऑफिस होतं. गाडी त्यानं मुद्दाम दोन गल्ल्या अलीकडे लावली. मजुरीचा परवाना मागायला एवढ्या मोठ्या गाडीतून आलो हे कुणी पाहायला नको! जिन्यात तळ्यांचे, पुलांचे, बर्फाचे फोटो. वर मालक बसलेले. त्यांनी साखळी पाहिली आणि हात जोडले. "आओ साईं, आओ. बेटे के लिए?"

"नाय, माझ्यासाठी."

मालकांनी त्याला चैत्रालीच्या टेबलाकडे पाठवलं. चैत्राली तिथली सल्लागार. अंबरनाथची, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी होते. बोलणं शांत, घाई नाही. पलीकडच्या माणसाचं स्वप्न आपल्या हातून सांडू नये अशा बेतानं ती बोलायची.

"काका, परदेशात कामाला जायचे रस्ते बरेच असतात," ती म्हणाली. "पहिला म्हणजे तिकडची कंपनी बोलावते. परवाना त्या कंपनीला बांधलेला. नोकरी सुटली की परवानाही गेला."

"कंपनी कोन बोलवनार मना?"

"बरं. कंपनी इथलीच असेल तर ती तिकडच्या शाखेत बदली करते."

"शाखा नाय."

"मग गुणांवर मिळतो काही देशांत. शिक्षण, भाषा, अनुभव, वय, सगळ्याचे मार्क."

"वयाचे कवरं?"

चैत्रालीनं जरा अंदाज घेतला. "तुमच्या वयाला शून्य, काका."

"शालंत पन असाच निकाल यायचा," कमळाकर म्हणाला. चैत्राली खुदकन हसली.

"काही ठिकाणी आधी जायचं आणि तिथं राहून नोकरी शोधायची अशी सोय असते. पण तिला डिग्री लागते. नाहीतर मग बायकोला तिकडे पक्की नोकरी लागली, तर नवऱ्याला तिच्यामागोमाग जाता येतं."

ह्यावर मात्र कमळाकर मोठ्यानं हसला. शेजारच्या टेबलावर आपले कागद घेऊन बसलेला एक इंजिनीयर पोरगाही वळून बघायला लागला. "माझी बायको? अगो, ती बदलापूरला पन येकटी जात नाय!"

"मग राहता राहिला मोसमी," चैत्राली म्हणाली. "पण ती शेतमजुरी असते, काका."

"हां. तीच."

तिनं त्याच्या साखळीकडे पाहिलं, बोटांतल्या अंगठ्यांकडे पाहिलं. "दिवसभर वाकून काम."

"वाकूनच तर करायचं हाय."

आता हे असं उत्तर तिनं त्या खुर्चीत कधी ऐकलं नव्हतं. तिनं वही पुढं ओढली आणि सगळं नीट समजावलं. मोसमी परवान्याच्या नावावर लबाड्या फार चालतात. मालक खरा पाहिजे. आधी त्या मालकानं तिकडच्या सरकारकडे अर्ज करायचा, तिथून मंजुरी आली की मग इथून व्हिसा. मोसम संपला की परतायचं. आणि हो, ह्या परवान्यावर कुटुंब नेता येत नाही. एकट्यानंच जायचं.

"चालंल, चालंल," कमळाकर म्हणाला. त्याचं लक्ष भिंतीवरच्या पांढऱ्या डोंगराकडे होतं.

महिनाभरानं चैत्रालीचा फोन आला. एक मालकीण सापडली होती, खरीखुरी. इटलीच्या उत्तरेला त्या म्हाताऱ्या बाईंची शेती. बाकी सगळा भात यंत्रानं व्हायचा, पण एक जुनं वाण त्या फक्त बियाण्यासाठी राखायच्या, आणि त्याची लावणी हातानंच करायच्या. हातानं लावणारी माणसं तिकडे उरली नव्हती. मागं काही जण खोटंच सांगून आले होते, म्हणून त्यांची अट होती. एका माणसानं एक खाचर सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावल्याचा व्हिडिओ पाठवायचा.

कमळाकरनं ही बातमी घरात फोडली आणि त्याचा मुलगा अल्पेश ताडकन उभाच राहिला. "बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? गाव आपल्याला शेट बोलतं. आणि तुम्ही मजुरी करणार? तेपण दुसऱ्याच्या देशात? लोग क्या बोलेंगे यार!"

"शेट बोलतात ते हाक मारायला बोलतात," कमळाकर म्हणाला. "कामाला कोन बोलवतं मना?"

अल्पेश बाइकची चावी घेऊन निघून गेला.

कमळाकरची बायको वेणू फरशीवर पाय पसरून सुपात सुकट निवडत बसली होती. एवढं रामायण झालं तरी तिची बोटं थांबली नव्हती. खडा एका बाजूला, कचरा एका बाजूला. तिनं मान वर न करताच विचारलं, "कवरं दिवस?"

"सात-आठ म्हयने."

"बरं," वेणू म्हणाली, आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

झालं! कमळाकरला वाटलं, परवानगी मिळाली. बायको 'बरं' म्हणाली की त्याच्या लेखी विषय मिटायचा. लग्नापासून तेच चाललं होतं. त्या 'बरं'च्या पाठी काय असतं हे वाकून बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती. हा काही वाईट माणूस नव्हता हो. पण असतात अशी माणसं, आणि त्यांच्यासोबत संसारही होतात.

आषाढ सरत आला तसा सगळीकडे लावणीला ऊत आला. व्हिडिओसाठी खाचर पाहिजे होतं, पण स्वतःच्या मालकीची तर वीतभर जमीनसुद्धा उरली नव्हती. शेवटी जांभूळ गावी त्याचा जुना दोस्त अनंता होता, त्यानं एक लहान खाचर दिलं. चिखल करून तयार, कडेला रोपांच्या मुठी बांधून ठेवलेल्या. सकाळी सगळी मंडळी गाडीतून गेली. कमळाकर नवी हाफ पँट घालून, जिज्ञासा मोबाइल आणि छत्री घेऊन, वेणू भाकऱ्यांचा डबा घेऊन.

कमळाकर बांधावरून खाली उतरला. पाय आत गेले. चिखल बोटांच्या फटींतून वर आला, अगदी झोपेत यायचा तसाच, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पाऊस झिमझिम पडत होता म्हणून कुणाला कळलं नाही. पलीकडच्या डोंगरावर ढग उतरले होते, सगळं पांढरं झालं होतं. क्षणभर तर त्याला कळेना की आपण जांभूळात आहोत की इटलीत.

"सुरू करा, बाबा," जिज्ञासा म्हणाली.

त्यानं मूठ उचलली, रोपं सुटी केली, वाकला, आणि लावायला लागला.

आता काय सांगावं! पहिली रोपं लागली ती उताणीच पडली. दुसरी लावली ती पाण्यावर तरंगायला लागली. ओळ धरायला गेला तर ती गावच्या रस्त्यासारखी वाकडी. आणि सगळ्यात कहर म्हणजे हा गडी लावत लावत पुढं चालला! लावणी पुढं जात करतात का कधी? आपणच लावलेलं आपल्याच पायाखाली. बांधावर बसलेला अनंता आधी तोंड दाबून हसला, मग पोट धरून हसला, मग त्याला ठसका लागला. "अरं शेट, रोपं लावतोस का भात मळतोस?"

जिज्ञासानं मोबाइल खाली केला. "बाबा, परत घेऊ या."

परत घेतलं. ह्या खेपेला तो पाठी सरकत गेला खरा, पण चार ओळींत कंबर धरली, तोल गेला, आणि चामटोलीचे कमळाकरशेट नव्या हाफ पँटीसकट चिखलात फतकल मारून बसले. रोपं त्याच्या चहूबाजूंनी तरंगत होती.

तो उठला नाही. बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं की त्यानं जन्मात कधी एक अख्खं खाचर लावलेलं नाही. नांगर त्यानं धरला होता. चिखल त्यानं केला होता. राबातून रोपांचे भारे डोक्यावर आणले होते, बांधावर उभं राहून मुठी फेकल्या होत्या. पण लावणी? ती आईनं केली, काकीनं केली, वेणूनं केली. त्यांच्यात लावणी बायांचीच. आपल्या शेतात व्हायची म्हणून ती आपल्यालाच येते असं तो आजवर धरून चालला होता.

"उठा," वेणू म्हणाली.

ती कधी खाली उतरली त्याला कळलंच नाही. तिनं साडीचा काष्टा मारला होता. बांगड्या कोपराकडे सरकवल्या होत्या. "बांधावर जा तुमी. मुठी फेका."

तो निमूट बांधावर गेला. वेणू वाकली.

तिचा डावा हात मूठ धरून होता, उजवा हात नुसता येत होता आणि जात होता. पाण्यात बोट शिरल्याचा एवढासा आवाज व्हायचा, पुन्हा व्हायचा. रोप उभं राहायचं. ओळ सरळ. ती पाठीपाठी सरकत होती आणि तिच्यापुढं खाचर हिरवं होत चाललं होतं. मूठ संपत आली की ती वर न बघता डावा हात नुसता पाठी करायची, आणि कमळाकर बांधावरून मूठ फेकायचा. अगदी तिच्या हातापाशी पडायची. ना तिनं सांगितलं, ना त्यानं विचारलं. अनंताचं हसणं कधीच थांबलं होतं. ढग आणखी खाली उतरले. त्या पांढऱ्यात फक्त तिची वाकलेली पाठ दिसत होती आणि ती जवळ जवळ येत होती. शेवटची ओळ बांधाला लागली तेव्हाच ती सरळ झाली.

जिज्ञासानं मोबाइल एकदाही खाली केला नव्हता.

घरी आल्यावर कमळाकर तीन दिवस कमरेला बाम चोळत होता. पण आस सुटेना. पुन्हा सराव करू, पुन्हा व्हिडिओ काढू, असं त्याचं चाललं होतं. तेवढ्यात चैत्रालीचा फोन आला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"काका, अभिनंदन! मालकीणबाईंना व्हिडिओ फार आवडला. त्या अर्ज करायला तयार आहेत."

"अगो, पन त्यात तर मी पडलो व्हतो!"

"तुमचा नाही, काका," चैत्राली जरा चाचरत म्हणाली. "काकूंचा. परवाना काकूंना देणार आहेत."

कमळाकरनं जिज्ञासाकडे पाहिलं. "तू धाडलास?"

"मी सांगितलं तिला धाडायला," स्वयंपाकघराच्या दारातून वेणू म्हणाली.

"मग मी?" त्यानं फोनला विचारलं. "मना हिच्यासंगं जाता येल ना? नवऱ्याला जाता येतं बोल्लीस ना तू?"

"ते पक्क्या नोकरीवाल्यांचं होतं, काका. मोसमी परवान्यावर कुटुंब नेता येत नाही. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं! आणि हा 'चालंल, चालंल' म्हणाला होता. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आज मात्र त्यानं फोनच बंद करून टाकला.

त्यानंतर कमळाकर रुसला. रुसला म्हणजे चांगलाच रुसला. जेवायला बसायचा पण बोलायचा नाही. माशाच्या कालवणाला नाव ठेवायला लागला, आणि वेणूच्या कालवणाला नाव ठेवणं म्हणजे काय ते चामटोलीत कुणालाही विचारा. दुपारी झोपाळ्यावर पडला तरी पाणी घोट्यापर्यंत चढेना. नाक्यावर पोरं विचारायची, "शेट, चालली का काकी इटलीला? भाकऱ्या कोन भाजनार मग?" त्यानं नाक्यावर जाणंच सोडलं.

एका संध्याकाळी तो नेहमीसारखा कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. वॉचमननं सलाम ठोकला. थोड्या वेळानं मागं चपलांचा आवाज आला. वेणू होती. इतक्या वर्षांत ती त्या गेटच्या आत कधी आली नव्हती.

ती इकडेतिकडे न बघता गाड्यांमधून सरळ चालत गेली आणि एका पांढऱ्या गाडीजवळ उभी राहिली. "ही जागा," ती म्हणाली. "अल्पेश पोटात व्हता तवा हतं लावनी केली मी. तुमच्या आयनं मना बसवलं नाय. मनाच बसायचं नव्हतं."

कमळाकर दोन पावलं तिच्याजवळ सरकला.

"जमीन इकली तवा तुमी बोल्ले सही कर. मी केली. तुमच्यावर राग नाय. पोरांचं भलं झालं. पन तुमी दुपारच्याला झोपंत पाय हलवता ना, त्ये मी बघतंय. रोज बघतंय. माजे हात हलतात, सुकट निवडताना, पीठ मलताना, त्ये कोनी बघितलं कं?"

"तू कवा बोल्ली नाय."

"तुमी कवा इचारलं नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "मना जायाचं हाय. येकदाच. चिखलात उभं ऱ्हायाचं हाय. मी पाठी येनार हाय ना."

पार्किंगमध्ये एक गाडी आत आली, तिचे दिवे दोघांवरून फिरून गेले. कमळाकरच्या तोंडून लहान पोरासारखं निघून गेलं, "आनि मी हतं येकटा काय करू?"

"तुमी गेलं असतं तर मी जे केलं असतं, त्येच."

त्यानं कधी विचारच केला नव्हता की वेणूनं काय केलं असतं. आता केला. हा झोपाळा, ही काळी फरशी, हे कालवण, आणि समोर कुणी नाही. दिवसच्या दिवस. त्याला स्वतःचीच लाज वाटली. खूप वेळ तो त्या पांढऱ्या गाडीच्या टायरकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं,

"कवरं दिवस?"

"सात-आठ म्हयने."

"बरं," कमळाकर म्हणाला.

ह्या एवढ्याशा शब्दाच्या पाठी काय असतं ते त्याला तेव्हा कळलं.

पुढची सगळी धावपळ त्यानं केली. पासपोर्ट दुबईच्या वेळचा होताच. तिकडून मंजुरी यायला हिवाळा उजाडला, व्हिसा व्हायला आणखी काही दिवस लागले. चैत्रालीच्या ऑफिसात आता तो गाडी थेट दाराशी लावायचा. "माज्या बायकोचं काम हाय," असं मालकांनाही सांगायचा. मालक म्हणायचे, "वाह साईं, नसीबवाले हो." वेणू जिज्ञासाकडून तिकडचे दहा-बारा शब्द शिकली. नमस्कार, पाणी, भात, बस झालं. सुकट नेता येणार नाही म्हटल्यावर मात्र ती चैत्रालीवर जाम वैतागली. "मग खायाचं काय मी? दगड?" आईला मजुरीला पाठवणार नाही म्हणून अडून बसलेला अल्पेश शेवटी तिच्यासाठी थर्मल घेऊन आला, आणि विमानतळावर सगळ्यांत जास्त तोच रडला.

वेणू काचेच्या दारातून आत गेली ती पाठी न बघता. बघितलं असतं तर गेली नसती.

घर रिकामं झालं. कमळाकर चहा करायला शिकला, मग भात लावायला. कुकरमध्ये भात लावताना 'लावणी' म्हणून जिज्ञासा चिडवायची, तोही हसायचा. दुपारी झोपाळ्यावर पडायचा. पण पाणी काही भरायचं नाही. फरशी आपली काळी आणि कोरडी. वेणू जाताना ते पाणीही संगतीला घेऊन गेली असावी असं त्याला वाटायचं. एकदा तो सुकट निवडायला बसला. खडा एका बाजूला, कचरा एका बाजूला. निवडता निवडता संध्याकाळ झाली आणि दिवा लावायचंही सुचलं नाही.

अशाच एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, जिज्ञासा धावत आली. "बाबा, उठा! आईंचा व्हिडिओ कॉल!" तिनं मोबाइल टीपॉयवर तांब्याला टेकवून ठेवला.

तिकडे सकाळ होती. मोबाइल त्या म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या हातात असावा, कारण समोर सगळं हलत होतं. मग ते स्थिर झालं. पाणी. पाणीच पाणी, आभाळ खाली सांडल्यासारखं. मागं पांढरे डोंगर. आणि पाण्याच्या मधोमध एक बाई, काष्टा मारलेली, मोबाइलकडे पाठ करून वाकलेली. बाकीच्यांच्या पायांत रबरी बूट होते. ही अनवाणी.

"वेणू," कमळाकर हलकेच म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही.

उजवा हात येत होता, जात होता. तिच्यापुढं हिरव्या ओळी उभ्या राहत होत्या. झोपाळा थांबला. कमळाकरनं पाय खाली सोडले आणि त्याला फरशी लागली नाही. गार, मऊ काहीतरी घोट्यापर्यंत आलं.

तेवढ्यात वेणूच्या हातातली मूठ संपली. तिनं वर न बघता, सवयीनं, डावा हात पाठी केला.

तो हात तसाच राहिला. रिकामा. तिथं कुणाला कळलंच नाही की ही काय मागतेय. दोघी-तिघी कामकरी एकमेकींकडे बघायला लागल्या. हात थोडा हलला, बोटं उघडली, मिटली.

कमळाकर उभा राहिला. त्याचा हात आपोआप उठला, मागं गेला, आणि त्यानं जोर लावून फेकलं. हातात काही नव्हतं. तरी फेकलं. जिज्ञासा बघतच राहिली.

तिकडे वेणू सरळ झाली. वळली. आधी तिनं बांधाकडे पाहिलं, जिथं घरच्या लावणीला तो नेहमी उभा असायचा. मग बाईंच्या हातातल्या मोबाइलकडे. त्यात तो उभा होता, हात पुढं केलेला.

"मूठ?" तिनं विचारलं.

"फेकली," तो म्हणाला. "बग, डाव्या अंगाला पडली असंल."

वेणू हसली. हसता हसता तिनं चिखलाच्या हाताचं मनगट डोळ्यांवरून फिरवलं. मालकीणबाईंना काय उमगलं कोण जाणे, पण त्यांनी शेजारची एक मूठ उचलून तिच्याकडे भिरकावली. ती जरा लांबच पडली.

"आखूड टाकली," कमळाकर पुटपुटला. "सांग तिना, हाताच्या पाठी टाकायची."

वेणूनं मूठ उचलली, रोपं सुटी केली आणि ती पुन्हा पाठमोरी वाकली. कमळाकर खाली बसला नाही. हॉलमधल्या पाण्यात तसाच उभा राहिला. आणि ओळीमागं ओळ लावत, पाठीपाठी सरकत, वेणू बांधाकडं, म्हणजे त्याच्याकडंच, येत राहिली.